गोल, त्रिकोण आणि एक सुकेळं

भाजीच्या पिशवीत हात घालण्याचं श्रीरंग परुळेकरांना खरं तर काहीच कारण नव्हतं. भाजी हे खातं मनोरमाबाईंचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी श्रीरंगरावांनी मोठ्या हौसेने जो दुधी आणला होता, त्याची भाजी होण्यापेक्षा तंबोरा बरा झाला असता, आणि तेव्हापासून चोवीस वर्षं त्यांना मंडईच्या दिशेने कोणी पाठवलं नव्हतं. पण त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, बोळिंजच्या 'स्नेहदीप' सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, आपल्याच दाराच्या कडीला लटकवलेल्या पिशवीत ते कोपरापर्यंत हात घालून उभे होते. पालकाच्या जुडीखाली, वांग्यांच्या पलीकडे, अगदी तळाशी काहीतरी चाचपत होते.

ते सुकेळी शोधत होते.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. श्रीरंगरावांनी गेल्या मार्चमध्ये कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मे महिन्यात त्यांच्या रक्तात साखर निघाली. थोडीथोडकी नव्हे. रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मनोरमाबाई वसईच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. सकाळी साडेसहाला घर सोडायच्या ते दोनला परत. तेवढा वेळ घरात श्रीरंगराव आणि स्वयंपाकघरातले डबे यांच्यामध्ये कोणी नसे. म्हणून बाईंनी नवऱ्याला देवासमोर उभं केलं आणि वज्रेश्वरीची शपथ घालून गोड बंद करायला लावलं.

"आणि नीट ऐका," त्या म्हणाल्या होत्या, "शपथ मोडलीत असं मला कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन आणि घरी बसेन. तुमच्यावर लक्ष ठेवायला."

ही धमकी साधी नव्हती. येत्या जूनमध्ये मनोरमाबाई मुख्याध्यापिका व्हायच्या होत्या. त्या खुर्चीसाठी त्यांनी एकवीस वर्षं पोरांच्या हातांना लागलेले रंग धुतले होते. आपल्या जिभेपायी बायकोची ती खुर्ची जावी, इतके काही श्रीरंगराव वाईट नव्हते. शिवाय दुपारपर्यंत घरात एकट्याने लोळण्याची त्यांना चटक लागली होती, तीही गेली असती.

तर श्रीरंगरावांनी शपथ पाळली. लाडू, बर्फी, श्रीखंड यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण सांडोरहून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या धोंडूबाईने दिवाळीनंतर एके दिवशी पाटीच्या कडेला केळीच्या वाळल्या पानात बांधलेली सुकेळी दाखवली आणि श्रीरंगरावांमधला वकील जागा झाला. सुकेळं म्हणजे काय? उन्हात वाळवलेलं राजेळी केळं. केळं म्हणजे काय? फळ. फळ उपासाला चालतं. मग जे उपासाला चालतं ते देवीला न चालायला काय झालं? तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते धोंडूबाईकडून सुकेळं घेत, दारातच उभ्याने खात आणि वरचं पान चार घड्या घालून खिशात लपवत.

तक्रार एकच होती. धोंडूबाई एकच सुकेळं द्यायची. "पाच दे," म्हटलं की तिचं बोट वर. "एकच हाय, सायेब. बाकीची बोलून ठेवलेली हायत." कधी ऊन पडलेलं नसे, कधी उंदराने नेलेली असत. आज मात्र पाटीत चांगली डझनभर दिसली होती, तरी हातावर पडलं एकच. मग बाकीची कोणासाठी? लग्नाआधीपासून मनोरमाबाईंचा सुकेळ्यांवर भारी जीव, हे श्रीरंगरावांना आठवलं, आणि संशय एकदा घरात शिरला की तो पाट मांडून बसतो. आपल्याला देवीच्या पायाशी बांधून ही दुपारी स्वतः सुकेळी खाते की काय? धोंडूबाई जिना उतरल्याबरोबर त्यांनी पिशवीत हात घातला तो यासाठी.

हाताला सुकेळी लागली नाहीत. कागद लागला.

कॅलेंडरच्या पानाचा फाडलेला तुकडा होता. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने चित्र काढलेलं. एक मोठा गोल आणि त्याच्यावर थेट दुसरा लहान गोल. खाली काड्यांचे दोन पाय. लहान गोलात डोळ्यांचे दोन ठिपके, दोन्ही एका कोपऱ्यात सरकलेले, म्हणजे माणूस चोरून बाजूला बघतोय. एक हात पुढे आणि त्याला पाच लांबलचक बोटं. दुसऱ्या हातात काहीतरी आखूड, जाडसर. समोर एक त्रिकोण, डोक्यावर बोजा घेतलेला, आणि त्याचं एक बोट वर. मागे अर्धवट उघडं दार आणि वर कोपऱ्यात सूर्य.

श्रीरंगरावांच्या तोंडातली सुकेळ्याची चव गेली. त्या हिवाळ्यात दिवसाढवळ्या घरं फुटतात अशी बोलवा होतीच. त्यांनी चित्र दोनदा पाहिलं आणि सगळा कट त्यांना उलगडला. पाच बोटं म्हणजे पाच जण. एक बोट म्हणजे एकची वेळ. हातात सुरा. डोक्यावर लुटीचं गाठोडं. आणि सूर्य कशाला, तर दिवसा, बाई कामावर गेलेली असताना! धोंडूबाईचा त्यांना संशयसुद्धा आला नाही. जी रेशनकार्डावर अंगठा उठवते, ती पेन्सिल धरेल? पिशवी दिवसभर बाहेर लटकते, जिन्यातून कोणीही यावं आणि टाकून जावं.

आता हे मनोरमाला दाखवायचं, इथपर्यंत ठीक. पण ती विचारणार, सापडलं कुठे? आणि भाजीच्या पिशवीत तुम्ही काय करत होता? या प्रश्नाचं एकही उत्तर सुकेळ्यापाशी न थांबता पुढे जात नव्हतं. तेव्हा त्यांनी एक लहानसं खोटं तयार ठेवलं.

"हे बघ," दोन वाजता मनोरमाबाई चपला काढतात न काढतात तोच ते म्हणाले, "दाराच्या जाळीत खोचलेलं होतं."

मनोरमाबाईंनी चष्मा लावला आणि चित्र बराच वेळ पाहिलं. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. ती भीती असणार, असं श्रीरंगरावांना वाटलं.

"जाळीत?"

"जाळीत. वरच्या बाजूला."

"अच्छा." त्यांनी कागद उजेडात धरला. "हात शिकाऊ आहे. पण माणूस जिवंत काढलाय हं! सातवीच्या पोरांना मी घसा फोडून सांगते, नाकडोळे नंतर, आधी आकार बघा. माणूस गोल आहे की चौकोनी, ताठ आहे की वाकलेला, ते बघा. हिनं, म्हणजे ज्यानं कोणी काढलंय त्यानं, बघितलंय."

"मी तुला मार्क द्यायला सांगत नाहीये, मनोरमा! हा कोण असेल ते सांग."

"कोणीतरी हावरट माणूस दिसतोय."

"हावरट कशावरून?"

"बोटं बघा ना त्याची. आणि मान नाहीये."

"मान नसलेला माणूस असतो का कुठे!" श्रीरंगराव तिच्याकडे वळून म्हणाले. वळताना डोक्याबरोबर त्यांना खांदेही वळवावे लागले.

"नसेल बाई," मनोरमाबाई म्हणाल्या. "जपून ठेवा हं ते. पुरावा आहे."

त्या रात्री ताटात भाकरी आणि कारल्याची भाजी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी घरात भात का होत नाही, हे श्रीरंगरावांना दोन महिने पडलेलं कोडं होतं, पण आज त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी सुकेळं खाल्लं, धोंडूबाईची पावलं खाली जाईपर्यंत दम धरला आणि पुन्हा पिशवीत हात घातला. दुसरं चित्र! या वेळी एक त्रिकोण, डोक्यावर स्प्रिंगसारखे कुरळे केस, दोन्ही हातांत बादल्या, मान वळवून मागे बघणारा. शेजारी पाण्याची टाकी आणि घड्याळ. पुढच्या मंगळवारी तिसरं. त्यात नुसती एक लांबच लांब काठी, वर छोटा गोल. काठी चवड्यांवर उभी राहून भिंतीवरून काहीतरी पलीकडे फेकत होती आणि गोलाच्या तोंडावर समाधानाचं हसू होतं.

श्रीरंगराव सोसायटीचे सेक्रेटरी होते. तीन कागद फाइलला लावून ते तडक चेअरमनकडे गेले. चेअरमन प्लासिड लोपीस जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेले, सहा फूट दोन इंच उंच, दारातून येताना सवयीने वाकणारे. पाणी समितीच्या प्रमुख संपदाताईही बोलावल्यावर लगेच आल्या. पाणी एकच वेळ, एका घराला मोजून बादल्या, हा नियम त्यांनीच सोसायटीला लावला होता. त्यांचे केस कुरळे होते, ही गोष्ट मात्र त्या क्षणी कोणाच्या ध्यानात आली नाही. म्हणजे आली असेल, पण बोललं कोणी नाही.

संपदाताईंनी दुसरं चित्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "बादल्या म्हणजे... बादल्या नसणार त्या," त्या घाईने म्हणाल्या. "दागिने भरायला आणतात ना, ते असणार."

"आणि हे घड्याळ?"

"वेळ ठरवलीय त्यांनी! पाणी सुटायच्या आधीची. म्हणजे, तेव्हा कोणी नसतं ना टाकीजवळ. असं मला वाटतं."

प्लासिडनी तिसरं चित्र पाहून घसा साफ केला. कचरा कुंपणाबाहेर टाकणाऱ्यांविरुद्ध त्यांनी गेल्याच महिन्यात स्वतःच्या सहीने नोटीस लावली होती. "हे सरळ आहे," ते म्हणाले. "चोर माल भिंतीवरून साथीदाराकडे टाकतोय. पलीकडे वाडी आहे, तिथे साथीदार उभा."

"पण हसतोय का तो?"

"चोर आहे तो, परुळेकर. त्याला हसू येणारच."

तिघांचं इतक्या पटकन एकमत झालं, की तिथेच श्रीरंगरावांना संशय यायला हवा होता. पण पहिल्या चित्रात सुरा आहे हे दोघांनी मान्य केल्यामुळे ते खूश होते. ठराव झाला. सगळे फेरीवाले आवारात यायचे बंद. श्रीरंगरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात नोटीस लिहिली. 'भाजीवाले, भंगारवाले, भांडीवाल्या बायका यांना सोसायटीच्या आवारात सक्त मनाई आहे. हुकमावरून, सेक्रेटरी.' खाली शिक्का मारला, बोर्डावर लावली, दोन पावलं मागे होऊन वाचली. जिना चढताना अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं, की पहिलाच शब्द भाजीवाले आहे.

शुक्रवारी दहा वाजता ते गॅलरीत उभे होते. खाली गेटवर वॉचमनने धोंडूबाईला अडवलं. ती थोडा वेळ भांडली, मग तिने मान वर केली आणि तिला श्रीरंगराव दिसले. तिने पाटीतून वाळल्या पानाची पुरचुंडी काढून झेंड्यासारखी उंच धरली.

"सायेब! तुमचं घेऊन आल्ये!"

श्रीरंगराव चटकन मागे सरले आणि धुण्याच्या चादरीआड उभे राहिले. समोरच्या गॅलरीत संपदाताई होत्या.

तो शुक्रवार सुना गेला. शनिवारी सकाळी ते प्लासिडकडे जाऊन म्हणाले, "भाजीवालीला वगळावं म्हणतो मी. भाजी जीवनावश्यक वस्तू आहे."

"कमाल आहे, काका," तिथे बसलेल्या संपदाताई म्हणाल्या, "सहा वर्षं समोर राहते मी, तुमच्या हातात कधी कोथिंबिरीची काडी पाहिली नाही. आणि काल ती गेटवरून तुम्हाला काय दाखवत होती?"

"मुळा," श्रीरंगराव म्हणाले.

"एवढासा?"

"हिची ओढाताण होते हो भाजीसाठी. दुसरं काय!"

प्लासिडनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आता प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय यायला लागला होता. शेवटी त्यांनी तोड काढली. रविवारी अकराला पार्किंगमध्ये सभा ठरलीच होती आणि चौकीतले हवालदारही येणार होते. धोंडूबाईला तिथे बोलवायचं, हवालदार तिचं नाव-गाव टिपून घेतील, मग तिला आत सोडायला हरकत नाही.

दुपारी हे ऐकल्यावर मनोरमाबाई म्हणाल्या, "मीही येते सभेला."

"तू कशाला?"

"चित्रांची जाणकार म्हणून. आणि ती चित्रं मोठी करून देऊ का? एवढाले कागद मागच्या लोकांना दिसायचे नाहीत."

श्रीरंगरावांना अगदी भरून आलं. संध्याकाळी मनोरमाबाईंनी जमिनीवर ड्रॉइंगचे मोठे कागद पसरले आणि खडू घेतला. एका फटक्यात गोल. दुसऱ्या फटक्यात त्याच्यावर गोल. दोन ठिपके दिले आणि माणूस चोरून बघायला लागला. श्रीरंगराव तोंड उघडं टाकून पाहत राहिले. एवढ्या वर्षांत ही घरी वह्या तपासते, रंगांच्या बाटल्या धुते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. हिला चित्र काढताना आपण कधी धड पाहिलंच नाही, हे त्यांच्या मनात आलं आणि जरा टोचलंही. पण उद्याच्या सभेची तयारी बरीच बाकी होती.

रविवारी पार्किंगमध्ये स्कूटर बाजूला करून खुर्च्या मांडल्या. भिंतीवर तिन्ही चित्रं चिकटवली होती. हवालदारांनी ती जवळून पाहिली, लांबून पाहिली आणि वहीत लिहिलं, 'पाच इसम. एक स्थूल.' श्रीरंगरावांनी छडीने एकेक खूण समजावून सांगितली. पाच जण, एक वाजता, हातात सुरा. लोक माना डोलावत होते. मनोरमाबाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या.

इतक्यात वॉचमन धोंडूबाईला घेऊन आला. ती पाटी सावरत पुढे आली, तिने भिंतीकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"अगो बाय!" ती ओरडली. "ही तं माजी चित्रं! एवडी मोटी कोनी काडली? तू गो, बाय?"

हवालदारांनी वही मिटली. "तुझी चित्रं? तू काढलीस?"

"मंग? मना कुटं लिवता येतंय! मी येते तवा बाय शाळंत. आमची गाठच पडत नाय. मंग दिवालीच्या सुट्टीत बायनं मना शिकवलं. गोल मंजे जाडा मानूस, काठी मंजे लांबडा, तिरकोन मंजे बाईमानूस. भिवई खाली केली का राग, वर केली का खुशी. बाय मना चित्रात सांगते, आज काय भाजी पायजे. आनि मी तिला चित्रात सांगते, बिल्डिंगीत काय चाललंय."

"असं होय," हवालदार खुर्चीत मागे टेकले. "मग वाचून दाखव."

वाचून दाखव असं धोंडूबाईला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. तिने पाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि भिंतीसमोर ताठ उभी राहिली.

"हा लांबडा बाबा," तिने काठीवर बोट ठेवलं, "कचऱ्याची पिशवी भितीवरून वाडीत टाकतो. माज्या नंदेची वाडी हाय ती. तिची वालपापडी सगली भरली कचऱ्यानं. टाकतो आनि हसतो."

सगळी डोकी प्लासिडकडे वळली. प्लासिड छताचा रंग कुठे उडालाय ते पाहू लागले.

"ही कुरल्या केसांची बाय. पानी सुटायच्या आदी टाकीवर येते, दोन बादल्या भरते आनि पलते. मना बोलली, कोनाला बोलू नको. मी बोलले नाय हां! नुसतं चित्र काडलं."

"हा आरोप आहे!" संपदाताई उभ्या राहिल्या, मग आपले केस दोन्ही हातांनी दाबत खाली बसल्या.

आता एकच चित्र राहिलं होतं. श्रीरंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. दोन गोलांमध्ये मान नव्हती, आणि ती का नव्हती ते आता त्यांना लख्ख दिसत होतं. "मंडळी," ते छडी खाली ठेवत म्हणाले, "खुलासा झालेलाच आहे, चोर वगैरे काही नाही, तेव्हा आपण चहा घेऊ या..."

"बसा, परुळेकर," प्लासिड अतिशय शांतपणे म्हणाले. "पुरावा पूर्ण होऊ दे."

"हे आपलं सायेब," धोंडूबाई कौतुकाने म्हणाली. "दार उगडतात. इकडं बगतात, तिकडं बगतात. मंग बोलतात, पाच दे. आनि ही मी, डोक्यावर पाटी. मी बोलते, एकच."

"पाच काय?" हवालदारांनी विचारलं. "आणि हातात सुरा कशाला?"

"सुरा कसला, बाबा! सुकेळं हाय ते!"

पार्किंगमध्ये जो हशा उठला तो बाजूच्या बिल्डिंगपर्यंत गेला. संपदाताई डोळे पुसून हसत होत्या. "मुळा!" त्या कशाबशा म्हणाल्या. "मुळा म्हणे!"

श्रीरंगरावांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त पहिल्या रांगेतल्या मनोरमाबाई दिसत होत्या आणि त्यांच्या मागे मुख्याध्यापिकेची रिकामी खुर्ची. ते चार पावलं पुढे गेले आणि सगळ्या सोसायटीदेखत म्हणाले, "मनोरमा, चुकलं माझं. शपथ मोडली मी. दोन महिने मोडतोय. पण तू राजीनामा देऊ नकोस. माझ्या खाण्यापायी नको देऊस."

हसणं हळूहळू थांबलं.

"कसला राजीनामा?" मनोरमाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही मोडाल हे काय देवीला ठाऊक नव्हतं? तुम्ही पहिल्यांदा मागितलंत त्याच दिवशी धोंडूबाईनं मला चित्र टाकलं, काय करू म्हणून. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आठवड्याला दोन चालतील, पण त्या दिवशी भात नाही आणि संध्याकाळी तीन किलोमीटर चालायचं."

श्रीरंगरावांना मंगळवारची भाकरी आठवली. शुक्रवारची कारली आठवली. दर मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी बायको हट्टाने तळ्यापर्यंत फिरायला नेते, तेही आठवलं.

"म्हणजे मी चोरून खात होतो ते..."

"मोजून खात होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही दोन मागितली असती."

पण धोंडूबाईचं वाचन अजून संपलं नव्हतं. तिने कनवटीची चंची सोडून एक घडी घातलेला कागद काढला. "ह्ये बायनं मना दिवालीनंतर दिलेलं. म्हनून मी एकच देते," म्हणत तिने तो हवालदारांपुढे धरला.

रेघ सराईत होती. डावीकडे गोल माणूस, हातात एकच सुकेळं, तोंड कानापर्यंत हसरं. उजवीकडे जरा लांब एक त्रिकोण. त्याचे दोन्ही हात मागे बांधलेले आणि तोंड दुसरीकडे वळवलेलं.

"हा त्रिकोण कोण?" हवालदारांनी विचारलं.

"बायच. आदी बाय दर आठवड्याला सुकेळी घेयाची. साखर सायबाला झाली आनि सुकेळी बायनं सोडली. मी बोलले, खा गो, सायबाला कुटं कलतंय. तं हे चित्र दिलं मना. सायबाला एक. मना नको."

श्रीरंगरावांनी तो कागद हातात घेतला. बायकोला सुकेळी खाताना पकडायला म्हणून आपण पिशवीत हात घातला होता, हे त्यांना आठवलं आणि इतकी लाज वाटली, की त्यांना मान खाली घालावीशी वाटली. तिथेही अडचणच होती. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. मनोरमाबाई उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"केस निकाली," हवालदार उठत म्हणाले. त्यांनी वहीतलं पान फाडलं आणि धोंडूबाईकडून सुकेळ्यांच्या दोन पुरचुंड्या रीतसर विकत घेतल्या. प्लासिडनी स्वतःच्या हाताने बोर्डावरची नोटीस काढली. नोटिशीचा तो कागद मात्र त्यांनी इकडेतिकडे पाहून खिशात ठेवला, कुठे फेकला नाही.

सोमवारी दुपारी श्रीरंगराव पेन्सिल आणि कॅलेंडरचं पान घेऊन टेबलाशी बसले. एक तास झाला तरी उठेनात. मधूनच म्हणत, "मनोरमा, जरा इकडे बघ. तशी नको, हसल्यासारखी." मनोरमाबाई वह्या तपासता तपासता बघायच्या. तिच्या भुवया हसताना एक वर आणि एक खाली होते, हे त्यांना चोवीस वर्षांनी कळलं. कागद मात्र त्यांनी तिला दाखवला नाही.

मंगळवारी दहाला धोंडूबाई आली. श्रीरंगराव दारातच उभे होते. इकडेतिकडे न बघता त्यांनी पिशवीतला कागद काढून तिच्या हातात दिला. एक गोल, एक त्रिकोण, जवळजवळ उभे. दोघांच्या मध्ये एक सुकेळं आणि त्या सुकेळ्याच्या बरोबर मधोमध एक उभी रेघ.

धोंडूबाईने ते हात लांब करून वाचलं. "समजलं," ती म्हणाली. "झ्याक काडलंय, सायेब. पन ह्ये काय?"

"काय?"

"दोन गोलांच्या मदी ही नली कसली?"

"मान आहे ती," श्रीरंगराव म्हणाले.

धोंडूबाईने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग तिने अंगठा जिभेला लावून ती मान घासून पुसून टाकली आणि पिशवीत पालकाच्या जुडीवर तो कागद आणि त्यावर एक सुकेळं ठेवलं.

दोन वाजेपर्यंत श्रीरंगरावांनी पिशवीला हात लावला नाही. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं व्रत. मनोरमाबाई आल्या, त्यांनी चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि "त्रिकोण थोडा रुंद झालाय," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी वाळलेलं पान सोडलं आणि सुकेळं मोडलं. दोन तुकडे काही सारखे झाले नाहीत. मोठा त्यांनी स्वतः घेतला, आणि श्रीरंगरावांनी तो पाहूनही अवाक्षर काढलं नाही.